सुनीताच्या हातांची तपासणी

मी सकाळी लॅबमध्ये शिरले तेव्हा मशीन चालू होतं आणि त्यात आमचे नसलेले नमुने लावलेले होते. छोट्या बाटल्या, त्यांवर मार्करनं लिहिलेलं: 'उजवा', 'डावा'.

"सुनीता, हे काय आहे?"

ती उठून उभी राहिली.

"उजवा काय, डावा काय? बूट आहेत का?"

"हात आहेत, मॅडम," ती म्हणाली. "माझे."

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या इन्स्टिट्यूटला माहीत आहे. सरकारी मशीन, त्यात घालायचा गॅस महाग, आणि बाईसाहेबांनी स्वतःचे हात धुऊन ते पाणी तपासायला लावलेलं! मी बोलायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे सुजलेले. हात घासून घासून लालभडक झालेले, बोटांच्या पेरांवर कातडी सोलवटलेली. मी तोंड मिटलं आणि स्टूल ओढून बसले.

आधी थोडं कामाबद्दल सांगते. मी विषशास्त्रातली. लोकांना वाटतं आम्ही खून पकडतो. तसं काही नाही. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक किती, हळदीत शिसं किती, असली आमची कामं. ते मशीन म्हणजे पाण्यात किंवा रक्तात कुठला धातू किती मुरलाय ते सांगणारं यंत्र. रिटायर व्हायला माझं एकच वर्ष उरलं होतं. सुनीता माझी टेक्निशियन, आणि इतकी वर्षं तिच्या हाताखालून गेलेला आकडा मी दुसऱ्यांदा तपासला नाही, एवढा माझा तिच्यावर भरवसा. मी मूळची साताऱ्याची, पण लखनौमध्ये जन्म गेला. सुनीता इथलीच, तेलीबागेतली, ख्रिस्ती. आमचं बोलणं हिंदीत. इथे मी बहुतेक मराठीत सांगतेय, पण काही वाक्यं हिंदीतच राहू देते. ती माझ्या कानात तशीच बसली आहेत. माणसांची नावं मात्र बदललीत.

"आता बोल," मी म्हणाले. "हातांना काय झालं?"

"मॅडम, इथलं विष माझ्या हाताला लागून घरी जाऊ शकतं का?"

"तू ग्लव्ह्ज घालतेस, हात धुतेस, अंगावरचा कोट इथेच काढतेस. नाही जाऊ शकत. का?"

"पापाजी गेले," ती म्हणाली. "मैंने मारा है उनको."

सासरे गेल्याचं मला माहीत होतं. रविवारी संध्याकाळी गेले, सोमवारी दफन झालं, आणि गुरुवारी ही कामावर हजर. नवरा मालवाहू बोटीवर, भर समुद्रात. त्याला बापाला मातीही देता आली नाही. घरात राहिल्या सासू आणि सून.

मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या नाताळात घरी पाहुणे होते. सासरे, म्हणजे डॅनियलजी, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, बोलायला फटकळ. सुनीता पोळ्या लाटत होती. ते पाहुण्यांसमोर म्हणाले, ही दिवसभर विषात हात घालते आणि त्याच हातानं आम्हाला रोटी खाऊ घालते. सगळे हसले. ही म्हणाली, "तो मेरे हाथ की मत खाइए." त्या दिवसापासून सासऱ्यांची रोटी सासू करायची. सून आणि सासरा एका छताखाली, पण बोलणं बंद. वर्ष व्हायला आलं होतं.

"यात मारलंस कुठे?"

"रविवारी प्रभुभोज होतं ना, मॅडम."

प्रभुभोज म्हणजे त्यांच्यात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळे मिळून घेतात ते. येशूच्या मरणाची आठवण म्हणून. त्याचा एक नियम असतो, तो मला तिच्याकडूनच कळला. कोणाविषयी मनात अढी असेल तर आधी जाऊन समेट करायचा, मगच प्याल्याला हात लावायचा. अढी ठेवून जो पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. आणि नेमकं त्या रविवारी पादरीसाहेबांनी प्रवचनही त्याच्यावरच दिलं होतं. मरण जगात आलं ते पापामुळे, पहिल्या माणसानं आज्ञा मोडली तेव्हापासून. आणि अयोग्य रीतीनं प्याला घेणारे आजारी पडतात, मरतातसुद्धा.

प्रवचन संपलं, प्याला फिरला, आणि थोड्याच वेळात लोकांना उलट्या सुरू झाल्या.

"किती जणांना?"

"बहुतों को. मला पण. पापाजींना घरी येऊन घाम फुटला, जीव घाबरा झाला, एक उलटी झाली. संध्याकाळी गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. पण मॅडम, मी अढी मनात ठेवून प्याले. आणि माझ्यामुळे..."

मी पाण्याचा ग्लास दिला. तो तिनं दोन बोटांत धरला, त्याला विष लागेल अशा भीतीनं.

"येत्या रविवारी गवाही देणार आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. गवाही म्हणजे सभेत उभं राहून सगळ्यांसमोर आपलं मन मोकळं करणं. "सांगणार आहे, की पापाजींचा जीव माझ्या पापानं गेला."

त्यांची मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारी माणसं, लहानशी, आसपासच्या गल्ल्यांत राहणारी. असं एकदा भर सभेत बोललं की ते आयुष्यभर चिकटतं. सासू त्याच घरात. नवरा परत येईल तेव्हा गल्लीच्या तोंडावरच त्याला कळेल. रविवारपर्यंत काहीतरी करणं भाग होतं.

मला देवाधर्मातलं फारसं कळत नाही. पण एका खोलीत खूप जणांना एकदम उलट्या झाल्या, हे मला कळतं. ते माझं काम आहे.

"रडणं थांबव आणि मी विचारते त्याची उत्तरं दे," मी म्हणाले. "पोरांना झाल्या?"

"नाही. लहान मुलांना प्याला देत नाहीत."

"भाकरी?"

"ती मुलांनी पण खाल्ली होती. उरलेली."

"उलटी किती वेळानं?"

"लगेच. शेवटचं गीत पण संपलं नव्हतं."

इतक्या लवकर उलटी म्हणजे शिळ्या अन्नातले जंतू बहुतेक नाहीत. त्यांना पोटात वाढायला वेळ लागतो. इतक्या लवकर पोट उलटवतो तो बहुधा धातू.

"सगळ्यात जास्त त्रास कोणाला झाला?"

तिनं आठवून पाहिलं. "सेवा करणाऱ्या बहिणींना. उरलेला रस फेकत नाहीत ना, मॅडम. त्यांनी तो पिऊन संपवला."

जास्त प्याले त्यांना जास्त त्रास. देवाचा दंड असता तर तो सेवा करणाऱ्या बायांनाच का जास्त? मी तसं म्हणाले नाही. "चव कशी होती?" एवढंच विचारलं.

"कसैला. जसं तोंडात नाणं ठेवलंय."

अगं बाई! मला एकदम आमचं साताऱ्याचं स्वयंपाकघर आठवलं. मी एकदा ताक पितळी पातेल्यात काढून ठेवलं होतं तेव्हा आईनं डोक्यावर घेतलं होतं घर. आंबट कधी पितळेत, तांब्यात ठेवू नये, कळकतं. कळकलेलं ताक एकदा चाखलं की जन्मात विसरत नाही माणूस. आंबट पदार्थ तांबं खातो. म्हणजे तांबं त्यात विरघळतं. म्हणून तर भांड्याला आतून कल्हई करतात, कथलाचा पातळ लेप देतात. लेप शाबूत आहे तोवर भांडं बिनधास्त वापरा.

"रस कशात केला होता?"

"दरवेळी स्टीलच्या भगोन्यात करतात. या वेळी मंडळीचा वार्षिक दिवस होता, गर्दी जास्त. शेजारी एक बावर्ची आहेत, शादी-ब्याहचं जेवण करतात. त्यांची तांब्याची देग आणली, मोठ्या हंड्याएवढी. मनुका उकळून, लिंबू पिळून रात्रभर ठेवलं."

"कल्हई होती त्या देगेला?"

"आतून काळी होती, मॅडम. माझ्या सासूबाई, अम्मा, म्हणाल्या, प्रभूच्या मेजासाठी असली काळी देग? त्यांनी विटेच्या चुऱ्यानं घासली. दुपारभर. सोन्यासारखी चमकवली."

बोलता बोलता ती थांबली. ती माझी टेक्निशियन होती. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

पुरावा मात्र हवा होता. तिला आठवलं, की अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन प्रभुभोज देतात, त्यासाठी रसाची एक बाटली पादरीसाहेबांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली असते. मी फोनवर त्यांना एवढंच सांगितलं, की ती बाटली कोणाला देऊ नका, मला पाठवा. म्हाताऱ्या आजारी लोकांना तो रस पाजला असता तर मग खरोखरच सांगायला नको.

नमुना यायच्या आत डायरेक्टरसाहेबांकडे गेले. लपूनछपून काम करणं माझ्या रक्तात नाही.

"केस कोणाची? पोलीस? फूड विभाग?"

"आपल्या सुनीताची."

"डॉक्टर सबनीस, धर्माच्या भानगडीत इन्स्टिट्यूटनं का पडायचं?"

"सर, मी धर्म तपासत नाहीये. मनुकांचा रस तपासतेय."

त्यांनी हात टेकले. "रिपोर्टवर आपला शिक्का नको."

"शिक्का कोणाला हवाय?"

शुक्रवारी दुपारी आकडा आला. नमुना मीच लावला, सुनीताला हात लावू दिला नाही. तांबं भरपूर. एवढं, की मी पातळ करून पुन्हा लावला. घोटभरातच उलटी, पेलाभरात उलट्यांवर उलट्या, यात शंका नाही.

"बघ," मी म्हणाले. "तुझं पाप नाही, कोणाचं पाप नाही. तांबं."

तिचा चेहरा क्षणभर सैल पडला. आणि मग पांढराफटक.

"अम्मांना सांगू नका, मॅडम."

"का?"

"देग त्यांनी घासली. पापाजींना हार्टचा त्रास होता. उलटीचा जोर पडला असेल त्यांच्यावर. आप ही बोलिए, नहीं पड़ा होगा?"

खोटं मला बोलता येत नव्हतं. घोटभर तांब्यानं माणूस मरत नाही. पण आधीच कमजोर झालेलं हृदय, त्यात उलटी, त्यात घाबरणं... नाही म्हणून छातीठोक सांगायचं कसं?

"माझं नाव राहू द्या," सुनीता म्हणाली. "मी तरी पाप केलंच होतं. अम्मांनी तर प्रभूसाठी देग घासली. चाळीस वर्षांचा संसार त्यांचा. त्यांना असं कळलं तर त्या एक दिवस जगणार नाहीत."

खरं सांगते, मला तिचा राग आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. खापर फोडायला डोकं शोधायचं तर हिनं स्वतःचंच पुढे केलं होतं. पण देग बावर्चीकडे परत गेली होती. पुढच्या लग्नात कोणी तिच्यात कढी केली तर? सांगावं तर लागणारच होतं. आणि सांगितलं की एका बाईच्या मानेवरचं ओझं उचलून दुसरीच्या मानेवर.

शनिवारी मी लखनौच्या महानगर भागातून ऑटो करून तेलीबागेत गेले. रायबरेली रोडच्या आत, एका घराच्या तळमजल्यावर त्यांची मंडळी भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, कीबोर्डवर भरतकामाचं कापड. मी मनात पादरीसाहेबांना चांगलं झाडायचं ठरवून गेले होते. तुमच्या प्रवचनापायी एक शहाणीसुरती मुलगी हात सोलून घेतेय, असं.

पादरीसाहेब सत्तरीचे, बारीक, आवाज हळू. त्यांनी आधी चहा आणला. मी चहाआधीच सुरू केलं.

"तुम्ही सांगता पापानं माणूस मरतो. कोणाच्या पापानं कोण? सुनीताच्या पापानं तिचा सासरा? हे काय शास्त्र आहे?"

"हे शास्त्र नाही, मॅडम," ते म्हणाले. "बैठिए तो."

मी बसले.

"मरण पापामुळे आलं, हे आम्ही मानतो. पण कोणा एकाच्या नावाची चिठ्ठी निघते आणि तो मरतो, असं नाही. पहिल्या माणसापासून हे सगळ्यांच्या वाट्याला आलंय. संत मरतो, तान्हं मूल मरतं. सगळ्या खानदानाचा रोग आहे."

"आनुवंशिक," मी म्हणाले.

"आप लोग यही कहेंगे." ते किंचित हसले. "आणि आम्ही मानतो, की त्याचा इलाज एकानं आपल्या मरणानं करून ठेवलाय. मरण येतं, पण शेवटचा शब्द त्याचा नाही. माझं अर्धं प्रवचन याच्यावर होतं. ते कोणाला आठवत नाही. उलट्या झाल्या, म्हणून पहिलं अर्धं लक्षात राहिलं."

"मग मंडळीला तसं सांगितलं का नाही?"

"मी स्वतः घाबरलो होतो, मॅडम. मी बोललो आणि समोर माणसं वाकून उलट्या करायला लागली. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं."

इथे माझा राग उतरला. घाबरलेल्या माणसाला काय झाडायचं? मी त्यांना देग, कल्हई, तांबं, सगळं समजावलं. सुनीता उद्या काय बोलणार आहे तेही सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. सुनीताला मी तो विचारला होता. ती म्हणाली होती, सबने लिया. पण मला नेमकं हवं होतं.

"डॅनियलजींनी किती घेतला? नुसता घोट, की जास्त?"

पादरीसाहेबांनी उठून दार लोटलं, परत येऊन बसले.

"नहीं लिया."

"म्हणजे?"

"प्याला फिरतो तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, मॅडम. हर कोई अपने आप को देखता है. फक्त माझे उघडे असतात. डॅनियलजी मागच्या रांगेत, दाराजवळ बसायचे. प्याला यायचा, ते धरायचे आणि तसाच पुढे द्यायचे. नाताळापासून त्यांनी एकदाही ओठाला लावला नाही."

ज्यानं रस घेतलाच नाही त्याला तांबं कुठून बाधणार? घाम, घाबरं होणं, उलटी, ही सगळी हार्ट अटॅकचीच लक्षणं. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी खरं तेच सांगितलं होतं.

"आणि हे तुम्ही आठवडाभर पोटात ठेवलंत?"

"प्याला न घेणं ही माणसाची आणि प्रभूची गोष्ट असते. लोक काय म्हणाले असते? समेट न करता मेला. मला ते त्याच्या माघारी होऊ द्यायचं नव्हतं."

"पण का घेत नव्हते? सुनेवरच्या रागानं?"

"उलटं आहे ते," पादरीसाहेब म्हणाले. "आपल्यावर रागावलेल्याची वाट नाही बघायची, आपण ज्याला दुखवलं त्याच्याकडे आधी जायचं, असा नियम आहे. त्या रविवारी फाटकाशी मी विचारलं, डॅनियल भाई, कब तक छोड़ोगे? तर म्हणाले, पहले बहू से माफ़ी माँग लूँ. बोलना नहीं आ रहा है मुझको."

मी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं हे लपवण्यात काही अर्थ नाही, पादरीसाहेबांनी पाहिलंच.

"चला," मी म्हणाले. "हे आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी सांगायचं. आधी हे, मग देगेचं. क्रम उलटा झाला तर अम्मा उभ्या उभ्या कोसळतील."

सुनीताचं घर दोन गल्ल्या पलीकडे. अम्मा कणीक मळत होत्या. सुनीता भिंतीशी बसली होती, हात ओढणीत गुंडाळून. सासरे गेल्यापासून तिनं पिठाला हात लावला नव्हता.

पादरीसाहेबांनी हळू आवाजात सांगितलं. प्याला, मागची रांग, फाटकाशी झालेलं बोलणं. शेवटचं वाक्य डॅनियलजींच्याच शब्दांत. अम्मांचे हात परातीतच थांबले.

"मला माहीत होतं ते कुढतायत," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, जाऊन बोला ना. ते म्हणायचे, हाँ, कल. रोज कल."

सुनीतानं ओढणीतून हात काढले, तोंडावर घेतले आणि मोठ्यांदा रडली. आठवडाभर तिला भीतीनं रडू येत होतं. हे रडणं वेगळं होतं. अम्मा पिठाच्या हातांनीच तिच्याजवळ सरकल्या. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

मग मी देगेचं सांगितलं. सोपं करून, आमच्या आईच्या ताकाची गोष्ट सांगून. अम्मा लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे आतलं ते काळं, तो मळ नव्हता?"

"काही मळ, काही जुनी कल्हई. तुम्ही दोन्ही काढलंत."

"तो उल्टियाँ मैंने करवाईं सबको?"

"हो," मी म्हणाले. "पण त्यांना नाही. त्यांनी घेतलाच नव्हता."

त्यांनी कपाळाला हात लावला, पीठ लागलं. "और मैं कहती फिरी कि पादरी साहब की दुआ में कमी रह गई!"

पादरीसाहेब पहिल्यांदा मोकळं हसले.

रविवारी मीही गेले. शेवटच्या रांगेत, दाराशी बसले. गवाहीची वेळ झाली आणि सुनीता उठायच्या आत अम्मा उठल्या. म्हणाल्या, सगळ्यांना उलट्या झाल्या त्या माझ्या देगेनं, कल्हई गेली होती, ही मॅडम बसलीय, विचारा हिला. ज्या बहिणींनी उरलेला रस संपवला त्यांची माफी मागते. एक दोघी हसल्या, बाकीच्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी जमेल तसा चेहरा गंभीर ठेवला.

मग सुनीता उठली. काय बोलणार आहे, हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

"पापाजी को मैंने नहीं मारा," ती म्हणाली. "वो दिल के रोग से गए. पण वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि वर्षभर प्याला घेत राहिले. त्यांनी माझ्यासाठी सोडला होता. ते त्यांचं पाप म्हणत होते, माझं पण होतं. इतना मेरा है, उतना मैं मानती हूँ. उससे ज़्यादा नहीं."

आणि ती खाली बसली.

इतकी वर्षं मी रिपोर्ट लिहिले. काय आहे, किती आहे, आणि त्यापुढे काय नाही, हे इतकं नेमकं मला एकदाही लिहिता आलं नाही.

दुपारी त्यांच्याकडेच जेवले. रोट्या सुनीतानं केल्या. हातांवरची सोललेली कातडी अजून भरली नव्हती, तव्याची धग लागली की ती फुंकर मारायची, पण कोणाला लाटणं देईना. पहिली रोटी तिनं अम्मांना वाढली, दुसरी मला. देग बावर्चीनं सोमवारी कल्हईला दिली, मी स्वतः फोन करून खात्री केली. आणि 'उजवा', 'डावा'? ते नमुने मी शेवटी तपासून घेतलेच, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. काही नव्हतं. साबण सोडून काहीच नव्हतं.

त्यानंतर नव्या पोरांना शिकवताना मी एक गोष्ट बजावून सांगायचे. विषबाधेच्या जागी गेलात आणि कोणी म्हणालं, की सगळ्यांनी खाल्लं, सगळे प्याले, तर ते लिहून घेऊ नका. आधी विचारा, त्या वेळी डोळे कोणाचे उघडे होते?